पहिल्या कंपनीला न परवडलेलं शहर दुसरीला कसं परवडतं?

तुमच्या शहरातून एका कंपनीनं ‘प्रवासी मिळत नाहीत’ असं सांगून विमान बंद केलं आणि काही महिन्यांतच स्वस्त तिकिटांच्या दुसऱ्या कंपनीनं सेवा सुरू केली. प्रवासी नव्हते तर दुसरी आली कशाला, आणि हे दर टिकतील का, असं तुम्ही विचारलंय.

प्रवासी होते. मी छत्रपती संभाजीनगरात २५ वर्षं तिकिटांचा व्यवसाय करतोय आणि हेच आमच्या चिकलठाणा विमानतळावर घडताना पाहिलंय, म्हणून एवढ्या खात्रीनं लिहितो.

२०१९ च्या सुरुवातीपर्यंत आमच्याकडून मुंबईला जेट एअरवेज या कंपनीचं विमान होतं. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतले अधिकारी, खंडपीठात येणारे वकील, अजिंठा-वेरूळसाठी आलेले परदेशी पाहुणे, असा बांधलेला ग्राहक होता. तरी ते विमान बंद झालं, आणि १७ एप्रिल २०१९ ला तर सगळी जेटच थांबली. कंपनीवर बँकांचं आठ हजार कोटींहून जास्त कर्ज होतं. विमानं बहुतेक भाड्याची. भाडं थकलं तसे त्यांचे मालक एकेक विमान जागेवर उभं करत गेले. हाताशी विमानं उरली नाहीत की कंपनी कोणतं उड्डाण आधी सोडते? जिथं विमानाच्या एका तासामागे सगळ्यात कमी पैसे मिळतात ते. त्या उड्डाणात तोटा होत असेलच असं नाही. दुसरीकडे जास्त मिळतंय एवढं कारण पुरतं.

मुंबईशी जोडलेल्या शहरांचं दुखणं आणखी वेगळं आहे, आणि ते लोकांना कोणी सांगत नाही. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. उतरायच्या-उडायच्या वेळा, म्हणजे स्लॉट, तिथं सोन्याच्या मोलाच्या असतात. सकाळचा एक स्लॉट संभाजीनगरसाठी वापरला तर तो दिल्ली किंवा दुबईसाठी वापरता येत नाही. लहान शहराचं विमान मुंबईत बसून ठरवलं जातं ते असं. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, त्यानं हा गळा थोडा तरी मोकळा होईल अशी मला फार आशा आहे.

जेट गेल्यावर आमच्याकडे काही महिने फार वाईट गेले. मुंबई-दिल्लीसाठी एअर इंडिया आणि हैदराबादसाठी ट्रूजेट, यांच्यावर सगळी भिस्त. लोक रात्रीच गाडी काढून पुण्याला जाऊन विमान पकडायचे. परदेशी गटांचं त्याहून वाईट, कारण त्यांचे कार्यक्रम वर्षभर आधी ठरतात. माझ्याकडच्या दोन जपानी गटांनी त्या हंगामात अजिंठा वगळला. ज्या माणसांना बुद्धाची लेणी बघायची होती, ती लेणी न बघता परत गेली. मला ते अजून लागतं.

मग फेब्रुवारी २०२० मध्ये स्वस्त तिकिटांची इंडिगो आली. तिनं शहरात नवीन प्रवासी निर्माण केले का? थोडे केले असतील. पण पहिल्या दिवसापासून विमानात बसले ते तेच अधिकारी, तेच वकील. बाजारपेठ आधीच्यांनी वर्षानुवर्षं घडवली होती, नव्या कंपनीला ती तयार मिळाली. कोणत्या वारी गर्दी असते, कोणाला सकाळीच पोचायचं असतं, हे चाचपडत बसावं लागलं नाही. विमान कंपन्यांची नियोजन करणारी माणसं दुसऱ्यानं सोडलेल्या शहरांवर डोळा ठेवून असतात ते यासाठीच.

आता परवडण्याचा हिशेब. जेटकडे मोठ्या बोइंग ७७७ पासून पंख्याच्या लहान एटीआरपर्यंत चार तऱ्हेची विमानं होती. प्रत्येकाचे वैमानिक वेगळे, सुटे भाग वेगळे, देखभाल वेगळी. शिवाय बिझनेस क्लास, जेवण, लाउंज. पाऊण तासाच्या उड्डाणाला हे सगळं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इंडिगोनं २००६ पासून अकरा वर्षं फक्त एअरबस ए३२० च्या घराण्यातली विमानं चालवली, एकाच वर्गाच्या १८० च्या आसपास खुर्च्या ठेवल्या आणि विमान जमिनीवर अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू द्यायचं नाही हे सूत्र धरलं. दिवसाला १२-१३ तास हवेत राहणारं विमान आणि नऊ-दहा तास राहणारं विमान, दोघांचं भाडं सारखंच असतं. तिकीट स्वस्त ठेवण्याची जागा तिथं निघते. नुसतं जेवण बंद करून ती निघत नाही.

आणि १८० खुर्च्या रोज भरणार नाहीत अशा गावासाठी डिसेंबर २०१७ पासून त्यांनी पंख्याची एटीआर विमानं आणली. खुर्च्या ७८. हा आकडा सहज आलेला नाही. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानाला उतरण्याचं शुल्क माफ ठेवण्याचं धोरण आहे, आणि अशा लहान विमानांच्या इंधनावर विक्रीकरही कमीच धरला जातो. कोल्हापूरसारख्या आखूड धावपट्टीच्या शहरात हीच विमानं जाऊ शकली.

नाशिकची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथं ओझरहून ‘उडान’ योजनेतली विमानं होती. या योजनेत अर्ध्या आसनांचा दर बांधलेला (सुरुवातीला तासाभराच्या उड्डाणाला २,५०० रुपये), बदल्यात सरकार तीन वर्षं तूट भरून देतं आणि त्या मार्गावर दुसऱ्याला येऊ देत नाही. मुदत संपली आणि २०२२ च्या अखेरीस ती विमानं थांबली. मार्च २०२३ मध्ये इंडिगो गोवा, अहमदाबाद आणि नागपूरसाठी उतरली. म्हणजे तीन वर्षं सरकारी पैशानं लोकांना सवय लावली, आणि पीक दुसऱ्यानं कापलं. मला त्यात गैर काही वाटत नाही. नाशिककरांना विमान मिळालं, हे महत्त्वाचं.

दर टिकतील का? नव्या कंपनीच्या जोडीला आणखी एखादी कंपनी तिथं असेपर्यंत टिकतील. एकटी कंपनी सुरुवातीला खुर्च्या भरायला दर पाडते. हळूहळू स्वस्तातल्या खुर्च्यांची संख्या कमी होते आणि आठवडाभर आधी तिकीट काढणाऱ्याला चटका बसायला लागतो. पण दरांपेक्षा मला दुसरी भीती जास्त वाटते. नोव्हेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या ड्यूटीचे नवे नियम लागू झाले आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. देशातल्या १०० विमान प्रवाशांपैकी ६० हून जास्त तिच्याकडे. मुंबई-दिल्लीच्या माणसाला निदान दुसरं तिकीट शोधता आलं, महाग का होईना. जिथं एकच कंपनी आहे तिथल्या माणसाला एसटी आणि रेल्वे. म्हणून शहरातल्या उद्योजकांच्या संघटनेनं नव्या कंपनीचं स्वागत करून थांबू नये. दुसऱ्या कंपनीसाठी त्याच आठवड्यात पत्रव्यवहार सुरू करावा, आपल्या कारखान्यांतून महिन्याला किती माणसं कुठं जातात याचे आकडे हातात घेऊन. विमान कंपन्या निवेदनांपेक्षा असे आकडे लक्ष देऊन वाचतात, हा माझा अनुभव आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तुमच्या मार्गावर पुढच्या बदलानंतरच्या तारखांचं बुकिंग उघडलंय का ते बघा. उघडलं असेल तर दिवाळीचं तिकीट निश्चिंत काढा. रोजचं विमान आठवड्यातून तीनदा झालेलं दिसलं किंवा त्या तारखाच दिसत नसतील, तर थांबा, आणि घरात लग्नकार्य असेल तर रेल्वेचं आरक्षण हाताशी असू द्या.