वाचक विचारतात: गाडीचं छप्पर काढायचं, पण ठेवायचं कुठे?

या महिन्यात हार्डटॉपवरच, म्हणजे गाडीच्या काढता येणाऱ्या कडक छपरावरच, जास्त प्रश्न आलेत. थंडी तोंडावर आली की असं होतंच, आणि जीपची रँग्लर २०२१ पासून आपल्या रांजणगावलाच असेंबल व्हायला लागल्यापासून पुण्याच्या आसपास या गाड्या दिसतातही जास्त. तर चला.

प्रश्न: दादा, माझ्याकडे चार दरवाजांची रँग्लर आहे. बंगल्याखाली बंद गॅरेज, वर स्लॅब. पुढच्या सीटांवरचे छपराचे दोन पॅनेल मी नेहमी काढतो, पण या वेळी मागचं मोठं टॉपसुद्धा काढून फेब्रुवारीपर्यंत मोकळी गाडी चालवायची आहे. ड्रायव्हर आणि वॉचमन मदतीला आहेत. कसं काढू, आणि स्लॅबला टांगलं तर चालेल का? (वाचक, बाणेर)

उत्तर: चालेल, पण पान्याला हात लावायच्या आधी टेप घ्या आणि जागा ठरवा. बहुतेक लोक उलटं करतात, टॉप काढतात, चौघंजण ते धरून उभे असतात आणि मग चर्चा सुरू होते की आता हे ठेवायचं कुठे.

आधी काढायचं बघू कारण ते सोपंय. पुढचे पॅनेल काढताना डावं आधी निघतं आणि लावताना उजवं आधी बसतं, हे तुम्हाला माहीत असेलच. मागच्या टॉपला आतून बोल्ट आहेत, पुढच्या दाराच्या मागच्या खांबापाशी वर आणि मग दोन्ही बाजूंनी बॉडीच्या कडेला खाली, सगळे टॉर्क्स टी-५० चे, म्हणजे डोक्यावर ताऱ्यासारखी खाच असलेले. बिट गाडीसोबतच्या किटमध्ये असतो, नसेल तर हार्डवेअरवाल्याकडे मिळेल, पण साधी अ‍ॅलन की ढकलून बघू नका, डोकी गोल होतील आणि मग ते बोल्ट बाहेर काढणं हे वेगळंच प्रकरण होतं. काढलेले बोल्ट आणि वॉशर एका झिपच्या पिशवीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका, गॅरेजच्या फळीवर नको, तिथून ते गेलेच म्हणून समजा.

आता खरी मेख. मागच्या डाव्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला, एक वायरचा कनेक्टर आणि एक बारीक पाण्याची नळी असते, मागचा वायपर, काचेचा डीफॉगर आणि वॉशर यांच्यासाठी. बोल्ट सगळे निघाले, सगळे जण "उचल रे" म्हणून तयार, आणि ही नळी तशीच जोडलेली, हा प्रकार फार होतो. कनेक्टरचं लॉक आधी सरकवायचं मग दाबून ओढायचं, वायरला धरून ओढायचं नाही. नळीतून थोडं पाणी गळेल, खाली फडकं ठेवा.

मागचं स्पेअर व्हीलवालं दार पूर्ण उघडा, वरची काच मात्र बंद ठेवा. आणि माणसं चार लागतात. कंपनीच्या मॅन्युअलमध्येही प्रत्येक कोपऱ्याला एक अशी चार मोठी माणसं सांगितलीत, ते उगाच नाही. चार दरवाजांच्या गाडीचं टॉप साठ-पासष्ट किलोच्या आसपास जातं, म्हणजे वजन तसं दोघांना झेपण्यासारखं वाटतं, पण काच आणि वायपरची मोटर मागे असल्यामुळे सगळा भार मागच्या दोघांवर येतो, पुढची बाजू पटकन वर उठते, मागची लटकते, आणि फायबरची कड रंगावर घासते. त्यामुळे तुम्ही, ड्रायव्हर, वॉचमन आणि शेजारच्या एकाला चहाला बोलवा. दणकट दोघं मागे. एकानेच आकडे म्हणायचे, बाकीच्यांनी गप्प उचलायचं.

आता टांगणं. स्लॅब साधारण पाच इंचाचा असतो आणि पासष्ट किलो त्याला काहीच नाही, प्रश्न असतो तो हूक कशात बसलाय याचा. प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू हे इथे अजिबात नको. मेटलचे अँकर फास्टनर, १० एमएमचे, आणि ते प्लास्टरमध्ये नाही तर काँक्रिटमध्ये पूर्ण आत गेलेले हवेत. फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्या वर जाऊन खऱ्या स्लॅबला धरा. ड्रिल करायच्या आधी इलेक्ट्रिशियनला विचारा कारण लाइटच्या पाइपा स्लॅबच्या आतूनच गेलेल्या असतात, आणि ड्रिल सळईला लागलं तर जोर न करता दोन इंच बाजूला सरका. मी तर म्हणेन चार सुटे हूक मारण्यापेक्षा दोन एमएस (लोखंडी) चॅनल आडवे मारून घ्या, प्रत्येकाला चार-चार फास्टनर, म्हणजे एखादा ढिला झाला तरी बाकीचे धरतात.

एक चेनब्लॉक (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) मध्यभागी लावून त्याला टॉप अडकवायची आयडिया बरेच फॅब्रिकेशनवाले देतात. ऐकू नका. एका बिंदूवर टांगलं की ते फिरतं, झुकतं, आणि मागे जड असल्यामुळे काचेकडून खाली येतं. चेनब्लॉक वापरायचाच असेल तर खाली चौकट करून घ्या आणि चौकटीला चार पट्टे, पट्टे टॉपच्या खालच्या कडेला, काच नाही अशा ठिकाणी. आणि टॉप वर गेलं की चेनच्या भरवशावर ठेवायचं नाही, चार वेगळे सेफ्टी पट्टे चॅनलला बांधायचे, कारण खाली गाडी उभी राहणार, तुम्ही उभे राहणार, पोरं खेळणार.

उंची पुरेल का, हे तुम्ही विचारलं नाहीये पण पुढच्या आठवड्यात विचाराल. त्यासाठी एक गोष्ट करा, गाडी गॅरेजमध्ये रिव्हर्स घाला. नीट बघा, पुढचे दोन पॅनेल काढल्यावर मागचं टॉप समोरून उघडं असतं. गाडी तोंड बाहेर करून उभी असेल तर टॉप थोडंसं उचलून गाडी पुढे नेली की आतला रोल बार, म्हणजे सीटांवरची लोखंडी चौकट, त्या उघड्या तोंडातून सरळ बाहेर निघतो, फक्त मागचं दार, स्पेअर व्हील आणि त्याच्यावरचा ब्रेक लाइट खालून जाईल एवढीच उंची लागते. तोंड आत करून उभी केली तर अख्खी पुढच्या काचेची चौकट टॉपखालून मागे काढावी लागते, म्हणजे दीड-दोन फूट जास्त उचलावं लागतं आणि बऱ्याच गॅरेजमध्ये तेवढी जागाच नसते. बाहेर निघाली की मग टॉप सावकाश वरपर्यंत ओढा.

सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगवाल्यांनी हे वाचून ड्रिल आणू नये. तो स्लॅब आणि ते बीम सोसायटीचे आहेत. आणि पत्र्याच्या शेडच्या पाइपला तर साधी सायकलसुद्धा टांगू नये. अशांनी चौकोनी पाइपची चाकांची ट्रॉली करून घ्यावी, चाकांना ब्रेक, पाइपला फोम गुंडाळलेला, टॉप कडेच्या फायबरवर टेकलेलं आणि काचेवर काहीही वजन नाही. जमिनीवर नुसतं ठेवू नका, खालची रबरं महिनोन्महिने दाबून राहिली की परत लावल्यावर पहिल्याच पावसात मागच्या सीटवर पाणी.

रबरांवरून आठवलं. काढल्यावर ती ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉन ग्रीस हलक्या हाताने. व्हॅसलिन, इंजिन ऑइल, खोबरेल तेल यातलं काही नको, असल्या तेलकट वस्तूंनी हे रबर फुगतं. वरून जुनी सुती चादर टाका, निळी ताडपत्री नाही, तिच्याखाली दमट हवा कोंडून राहते. आणि उंदीर! मागच्या वायरचं तोंड उघडं असतं, त्याला पिशवी बांधा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. गाडी तीच, पण दोन गाड्यांचं लाकडी छताचं गॅरेज आहे. मिस्टर महिन्यातले निम्मे दिवस टूरवर, घरी मी आणि सांगलीहून आलेले सासरे. चार माणसं कुठून आणू? हॉइस्ट घेतला तर आम्हा दोघांना जमेल का? (वाचक, एडिसन)

उत्तर: ताई, हॉइस्ट, म्हणजे टॉप छताकडे ओढून टांगायचं साधन, याचसाठी असतो. हार्केन म्हणजे शिडाच्या बोटींच्या पुल्या करणारी कंपनी, तिचा दोरीचा हॉइस्ट येतो, चार ठिकाणी पट्टे आणि ओढायला एकच दोरी, त्यामुळे टॉप सरळ वर जातं आणि दोरी सोडली तरी लॉक होतं. लँग या कंपनीचा हाताने फिरवायचा किंवा मोटरचा येतो, तो खास जीपच्या टॉपसाठीच केलेला. मला विचाराल तर तुमच्यासाठी हँडल फिरवायचा बरा, दोरी ओढत असताना चारही कोपऱ्यांकडे लक्ष ठेवणं एकट्याला अवघड जातं. सासऱ्यांना उचलायला नाही तर बघायला उभं करा, कुठला कोपरा अडकतोय ते बाहेरूनच दिसतं.

पण छत बघा आधी. जिप्समच्या बोर्डाला काहीही अडकवायचं नाही, त्याच्या वर लाकडी ट्रस (छप्पर धरणाऱ्या चौकटी) असतात, बऱ्याच घरांत चोवीस इंचांवर एक. स्टड फाइंडरने (बोर्डामागचं लाकूड दाखवणारं यंत्र) शोधा आणि बारीक खिळा मारून खात्री करा. या ट्रसचं खालचं लाकूड मुख्यतः बोर्ड धरायला केलेलं असतं, मधोमध एकाच ठिकाणी वजन द्यायला नाही, म्हणून त्यांना आडवे दोन बाय सहाचे दोन लांब ठोकळे टाकायचे, प्रत्येक ठोकळा निदान चार ट्रसवर जाईल असा, प्रत्येक ट्रसच्या लाकडाच्या जाडीच्या मधोमध लॅग स्क्रू (लाकडाचा जाड स्क्रू), आधी छोटं भोक पाडून, नाहीतर लाकूड चिरतं. हॉइस्ट त्या ठोकळ्यांना. गॅरेजच्या वर खोली असेल तर जॉइस्ट (त्या खोलीची जमीन धरणारी लाकडं) दणकट असतात, तुमचं काम सोपं. ट्रस कापलेला, वाकलेला किंवा कधी ओलावलेला दिसला तर मात्र सुताराला दाखवल्याशिवाय काही टांगू नका.

तुमच्याकडे आणखी एक भानगड आहे, वर सरकणारं दार. ते उघडल्यावर छताखाली आडवं येतं, मध्ये ओपनरची रेल. दार उघडं ठेवूनच सगळी मापं घ्या. आठ फुटांचं छत असेल तर टॉप टांगल्यावर खाली परत गाडी लावता येईलच असं नाही, तेव्हा गाडी दुसऱ्या बाजूला लावायची तयारी ठेवा. गाडी रिव्हर्स घालायची युक्ती वर लिहिलीच आहे. आणि दाराच्या स्प्रिंगला किंवा तिच्या तारेला कुठलाही पट्टा बांधायचा नाही, तिच्यात प्रचंड ताण असतो.

प्रश्न: माझी २०२१ ची थार हार्डटॉप आहे. मित्र म्हणतो बोल्टच आहेत, काढून गॅरेजमध्ये ठेव आणि बाजारातलं सॉफ्टटॉप (कापडी छप्पर) टाक. करू का? (वाचक, नाशिक)

उत्तर: नको. रँग्लरचं टॉप मालकाने काढावं-लावावं म्हणूनच बनवलंय, थारचं तसं नाही. मोकळ्या छताची थार हवी असेल तर कंपनीने ती कन्व्हर्टिबल म्हणून वेगळी विकलीय, २०२० मध्ये ही नवी थार आली तेव्हा. बोल्ट निघतात म्हणून काढलं तर गाडी नोंदणीपेक्षा वेगळी होते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. कसारा घाटात कोणी अडवणार नाही असं मित्र म्हणेल. अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाला फोटो मागेल तेव्हा मित्र फोन उचलणार नाही.

प्रश्न: रँग्लरचे पुढचे दोन पॅनेल काढून डिकीत नुसते ठेवले तर ओरखडे पडतात का? (वाचक, पणजी)

उत्तर: पडतात. त्यांच्यासाठी मधे फोमचा पडदा असलेली बॅग मिळते, ती मागच्या सीटच्या पाठीमागे पट्ट्याने बांधायची. बॅग नसेल तर दोन पॅनेलमध्ये जुनी जाड रजई घाला, आणि वर किराणा ठेवू नका.