फुकट डिझाइन सॉफ्टवेअर घेताना आधी काम बघ

अरे एकदम पाच सॉफ्टवेअर डाउनलोड करू नकोस, आधी तुला नेमकं बनवायचंय काय ते ठरव. लोगो असेल तर सरळ इंकस्केप घे, ते व्हेक्टर आहे म्हणजे कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत आणि फाइल एसव्हीजीमध्ये सेव्ह होते, जी उद्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही उघडेल. गिंपमध्ये लोगो करू नको प्लीज, मी सुरुवातीला केला होता आणि बॅनरच्या साइजला नेल्यावर सगळे पिक्सेल दिसायला लागले, अख्खं काम परत करावं लागलं. गिंप फोटोसाठी. २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून लावलेला फिल्टर नंतरही बदलता येतो, फार मोठी सोय झालीय, त्यामुळे जुन्या व्हर्जनचे ट्युटोरियल बघत बसू नको. हाताने चित्र काढत असशील तर क्रिटा, त्याचे ब्रश मला अजूनही सगळ्यात आवडतात.

छापायचं असेल तर मात्र नीट ऐक. स्क्रीन आरजीबी म्हणजे लाल-हिरवा-निळा प्रकाश मिसळून रंग दाखवते, छपाई सीएमवायके म्हणजे निळसर-किरमिजी-पिवळ्या-काळ्या शाईत होते, म्हणून शेवटचं लेआउट स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावून तिथूनच पीडीएफ काढ, ब्लीड, म्हणजे कापायच्या रेघेबाहेर जाणारा डिझाइनचा जादा भाग, ३ मिमी ठेव, नाहीतर कापताना कडेला पांढरी रेघ राहते. आणि हो, फॉन्टचं लायसन्स वाच!! फ्री लिहिलेले बरेच फॉन्ट फक्त पर्सनल वापरासाठी असतात, क्लायंटच्या कामात ओपन फॉन्ट लायसन्सवालेच घे. थ्रीडीला ब्लेंडर आहेच, पण ते आत्ता नको, आधी इंकस्केपचं रेषा-आकार काढायचं पेन टूल पंधरा दिवस रोज घासून काढ.