इजिप्तची जोडी टोकियोला पोचली कशी?

प्रश्न : टोकियो ऑलिम्पिकला बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत भारताची जोडी नव्हती, इजिप्तची मात्र होती, आणि ती गटातच बाद झाली. हा आपल्या मुलींवर अन्याय नाही का? माझी मुलगीही खेळते, म्हणून विचारतो.
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचा राग समजतो, पण त्याचा पत्ता चुकलाय. दुहेरीत जागा अवघ्या सोळा जोड्यांना. प्रत्येक खंडाची निदान एक जोडी हवी, असा नियम. जागतिक क्रमवारीतून आफ्रिकेचं कुणी आलं नाही, तर तिथली सर्वांत वरची जोडी जाते. त्या वेळी ती दोहा हानी आणि हादिया होस्नी यांची होती. दोहा मिश्र दुहेरीतही खेळली, अधम हातेम एल्गमालबरोबर.

त्यातली हादिया मला फार आवडते. २००८ ला बीजिंग, २०१२ ला लंडन, रिओ हुकलं, आणि पुन्हा २०२१ मध्ये टोकियो. तेही तेहतिसाव्या वर्षी. त्याच वर्षी ती इजिप्तच्या संसदेची सदस्यही झाली होती. आणि हे सगळं अशा देशात, जिथे रॅकेट म्हटलं की लोकांना स्क्वॉश आठवतं. अली फराग, नूर एल शेरबिनी ही तिथली मोठी नावं. बॅडमिंटनवाल्यांना कोण विचारतं!

आता ‘आफ्रिकेतली सर्वांत वरची’ व्हायचं कसं, ते बघा. क्रमवारी वर्षभरातल्या सर्वोत्तम दहा निकालांवर ठरते. सुपर १००० ही वरच्या दर्जाची स्पर्धा जिंकली तर १२ हजार गुण, इंटरनॅशनल चॅलेंज जिंकली तर ४ हजार, इंटरनॅशनल सीरिजला अडीच हजार, फ्युचर सीरिजला १७००. आफ्रिकेत बहुतेक या खालच्या तीन पायऱ्याच असतात. म्हणजे युगांडातलं कंपाला, झांबियातलं लुसाका, नायजेरियातलं लागोस अशा फेऱ्या मारत हे गुण थेंबे थेंबे साठवायचे.

त्यात हॉलची भानगड वेगळीच. कैरो जवळजवळ समुद्रसपाटीला, कंपाला बाराशे मीटरवर. हवा विरळ, त्यामुळे शटल पळतं. घरी बेसलाइनवर पडणारा टॉस तिथे सरळ बाहेर जातो. आमच्या पुण्यातही (मी बरीच वर्षं लाइन जज म्हणून खुर्चीत बसलोय) उन्हाळ्याच्या दुपारी पोरं पिसांची टोकं बाहेर दुमडून शटल हळू करायची. सरावाला ठीक, पण सामन्यात असं केलं की पंच डोळे वटारतात.

आणि ही वाट फक्त आफ्रिकेची आहे असंही नाही. आपल्या नागपूरच्या मालविका बनसोडनं २०२१ मध्ये युगांडा इंटरनॅशनल जिंकली, आणि अंतिम फेरीत समोर होती भारताचीच अनुपमा उपाध्याय! गुणांसाठी आपली मुलंही त्याच कंपालाला जातात. तिथे इजिप्तच्या मुलींनाही आपल्याशी दोन हात करावेच लागतात.

अन्यायाचं म्हणाल तर एका देशाच्या दोन जोड्या घेता येतात, पण दोन्ही पहिल्या आठात असल्या तरच. आपल्या महिला दुहेरीची एकही जोडी तेव्हा पात्रतेइतकी वर नव्हती. इजिप्तनं आपली जागा खाल्ली नाही.

तुमची मुलगी कधी कंपालाला निघाली, तर आधी महिनाभर तिला नेहमीपेक्षा एक नंबर वेगवान शटलवर खेळवा. शटलचा वेगाचा नंबर ७६ असेल तर ७७ आणा. पहिल्या सामन्यातले पाच-सहा गुण तरी वाचतील.