नर्सिंगच्या प्रोजेक्टसाठी खात्रीचं संशोधन कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की धडगाव भागातल्या सिकल सेलच्या (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) मुलांवर प्रोजेक्ट करायचाय, पण गुगलवर 'सिकल सेल उपचार' टाकलं की बातम्या आणि काढ्यांच्या जाहिरातीच येतात. मी धुळ्यात नर्सिंग शिकवते. हीच अडचण घेऊन दरवर्षी कोणी ना कोणी माझ्याकडे येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मोबाइल बाजूला ठेवा आणि प्रश्न कागदावर लिहा. 'सिकल सेल उपचार' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: सिकल सेल असलेल्या मुलांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध दिलं, तर ते न दिलेल्या मुलांपेक्षा त्यांचे दुखण्याचे झटके कमी होतात का? रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, परिणाम काय, हे चार तुकडे त्यात आहेत. या पद्धतीला 'पिको' म्हणतात.

आता प्रत्येक तुकड्याची इंग्रजी नावं लिहा, एकच लिहून थांबू नका. काही लेखांत सिकल सेल ॲनिमिया असतं, काहींत सिकल सेल डिसीज. हायड्रॉक्सियुरियालाच ब्रिटनकडच्या लेखांत हायड्रॉक्सिकार्बामाइड म्हणतात. एकाच अर्थाच्या शब्दांमध्ये 'ऑर' घालून तो गट कंसात टाका आणि दोन गटांमध्ये 'अँड' घाला, दोन्ही कॅपिटल अक्षरांत. परिणामाचे शब्द पहिल्या शोधात टाकूच नका. पुष्कळ लेखांच्या सारांशात ते नसतात, आणि नेमके कामाचे लेख गळतात.

हे सगळं पबमेडवर टाका. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं हे संकेतस्थळ सगळ्यांना मोफत आहे. डावीकडच्या फिल्टरमध्ये आधी 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' (एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) निवडा, मग 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली उपचारांची तुलना). हायड्रॉक्सियुरियावर कॉक्रेन या असे आढावे करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचाही आढावा आहे. त्याचा सोप्या भाषेतला गोषवारा आधी वाचलात तर पुढचे लेख कळायला सोपे जातील.

सर्वांत जास्त वेळ मात्र इथे द्या: अभ्यास कुठल्या मुलांवर झाला? २०११ सालचा 'बेबी हग' अमेरिकेतल्या बाळांवरचा. २०१९ चा 'रीच' अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या मुलांवरचा. दोन्ही मोलाचे आहेत. पण आपल्याकडच्या भिल्ल, पावरा मुलांमध्ये सिकलचं जनुक बहुतेक वेळा अरब-भारतीय प्रकारचं असतं आणि गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन तुलनेने जास्त राहतं. त्यामुळे आजार सौम्य राहू शकतो, पण तो सौम्यच असेल असं धरून चालू नका. भारतातही गंभीर रुग्ण आहेतच. नागपूरकडच्या मुलांवरचा, रोज किलोमागे १० मिलिग्रॅम अशा ठरावीक कमी डोसचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झालाय. तो जरूर शोधा, तुमच्या प्रोजेक्टच्या अगदी जवळचा आहे. पहिला शोध संपला की त्यालाच 'इंडिया' जोडून दुसरा शोध करा. सुरुवातीलाच जोडलंत तर बाहेरचे मोठे अभ्यास दिसणारच नाहीत.

पूर्ण लेखासाठी पैसे मागितले तर लगेच सोडून देऊ नका. 'फ्री फुल टेक्स्ट' फिल्टर लावून बघा. कॉलेज सरकारी असेल तर १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेबद्दल ग्रंथपालांना विचारा. हजारो नियतकालिकं त्यात आहेत. खासगी कॉलेज असेल तर लेखकालाच नम्रपणे मेल करा. बरेच जण आनंदाने लेख पाठवतात.

आणि शोधाची तारीख, वापरलेले शब्द, लावलेले फिल्टर आणि किती लेख मिळाले, हे त्याच दिवशी वहीत उतरवा. परीक्षक विचारतात, आणि सहा महिन्यांनी तोच शोध पुन्हा करायची वेळ आली तर तुम्हालाही लागेल. तुमचा प्रश्न चार तुकड्यांत लिहून खाली टाका, इंग्रजी शब्द मी सुचवते.