नाशिकला एका दिवसाची वाईन टूर करायची, तर खासगी गाइड घ्यावा का?

तुम्ही विचारलंय: फेब्रुवारीत ठाण्याहून चौघं जण नाशिकला येणार, तुम्हा नवराबायकोला वाईनची आवड, आईबाबा घेत नाहीत, हातात एकच दिवस. अशा वेळी खासगी गाइड आणि गाडी ठरवावी, की आपल्याच गाडीने सुला वायनरीला जाऊन, जेवून परत यावं?

फक्त सुला आणि जेवण एवढाच बेत असेल तर गाइडवर पैसे खर्च करू नका. तिथे त्यांची स्वतःची फेरी असते, टाक्या आणि पिंपं दाखवतात, चार-पाच वाईन चाखायला देतात. त्यासाठी वेगळा माणूस कशाला? पण वेलीवरच्या घडापासून ग्लासापर्यंत काय काय होतं ते बघायचं असेल, तर गाइड जरूर घ्या. मात्र तो तुम्हाला बागेत नेणारा हवा. मी अशा दोन टूर केल्या, एक पूर्ण वाया गेली आणि दुसरी आमच्या घरात अजून बोलली जाते, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. वडिलांनी, म्हणजे नानांनी, तीस वर्षं थॉमसनची, म्हणजे खायच्या हिरव्या द्राक्षांची, बाग केली. ऑक्टोबर छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), रात्री-अपरात्री औषध फवारणी, गारपीट झाली की घरात न बोलता जेवणं, हे सगळं मी बघत मोठी झाले. तरीही आमच्यापैकी कुणी कधी वायनरीत पाऊल टाकलं नव्हतं. खायची द्राक्षं आणि वाईनची द्राक्षं ही आमच्याकडे दोन वेगळी जगं होती.

पहिली टूर मैत्रिणींबरोबर केली. ज्यांच्याकडून ठरवली त्यांनी 'एका दिवसात चार वायनरी' असं सांगितलं होतं आणि ते ऐकून आम्ही खूशही झालो होतो. गाइड म्हणून आलेला माणूस प्रत्यक्षात ड्रायव्हरच होता. स्वभावाने फार भला, पण दारात सोडायचा आणि पार्किंगमध्ये थांबायचा. प्रत्येक ठिकाणी तीच फेरी, तीच माहिती. तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळेनासं झालं, चौथीकडे आम्ही नुसत्या बसून राहिलो. दिवसभरात एकाही वेलीला हात लावला नाही.

दुसऱ्या वेळी मी फोनवर एकच प्रश्न विचारून गाइड निवडला: "आत्ता कुठल्या बागेत कुठल्या जातीची तोडणी चालू आहे?" तिघांनी "मॅडम, तुम्ही या तर, सगळं दाखवतो" असं म्हटलं. चौथ्याने सांगितलं की शेनिन ब्लाँ जवळजवळ उरकलंय, शिराझ या आठवड्यात सुरू होतंय, आणि तोडणी बघायची असेल तर सकाळी साडेसातला बागेत पोचावं लागेल. तुम्हीही हाच प्रश्न विचारा. ज्याला उत्तर देता येईल त्याची बागेत ऊठबस आहे असं समजा.

त्या वेळी नाना आणि आई बरोबर होते. नाना यायला तयार नव्हते. नातवाने हट्ट केला म्हणून आले.

गंगापूर धरणाच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या बागेत आम्ही उतरलो. तो वायनरीशी करार करून शिराझ लावतो. बायका क्रेट घेऊन ओळींमधून तोडत चालल्या होत्या. उन्हं चढायच्या आत माल काढायचा असतो, कारण द्राक्षं थंड असतानाच वायनरीत पोचली पाहिजेत. गरम झालेल्या द्राक्षांचा सुगंध उडतो आणि कुठेतरी फुटलेल्या मण्यात आंबणं आधीच सुरू होतं. नानांनी एक मणी तोंडात टाकला, चावला आणि बिया हातावर काढल्या.

"पोरा, ह्याच्यात खायला आहे काय? साल आन् बी."

गाइड हसला. म्हणाला, "काका, आम्हाला तेच पाहिजे."

आणि मग पुढचा तासभर ते दोघं बोलत होते, आम्ही ऐकत होतो. आमच्याकडे मणी फुगावा म्हणून जीए (जिबरेलिक ॲसिड हे संजीवक) देतात, सोळा-अठरा मिलिमीटरचा झाला तर एक्स्पोर्टला जातो. वाईनच्या बागेत मणी लहान राहिलेलाच बरा, कारण लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त असते. आतला रस बहुतेक काळ्या द्राक्षांचाही पांढुरकाच असतो. सालीसकट आंबवला तर लाल वाईन, साल आधीच काढली तर नाही. एकरी उतारासुद्धा मुद्दाम कमी ठेवतात, कारण वेलीवर घड जास्त झाले की सगळेच फिके पडतात. तीस वर्षं ज्यांनी मणी मोठा करण्यासाठी जीव टाकला, त्या माणसाला हे ऐकताना काय वाटलं असेल, ते मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी एक वेल खोडापासून शेंड्यापर्यंत हाताने चाचपून बघितली.

गाइडने रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, काढून त्यावर रसाचा थेंब टाकला आणि तो नानांच्याच हातात दिला. २३ ब्रिक्स, म्हणजे रसात साधारण २३ टक्के साखर. नाना म्हणाले, आमचा माल अठराला निघायचा. ही साखरच यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. २३ ब्रिक्सच्या रसातून साधारण १३ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलची वाईन होते. कुठल्याही बाटलीवरचा टक्का वाचला की मला आता तो थेंब आठवतो.

तिथेच मला छाटणीचंही कोडं सुटलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, हे लहानपणापासून पाठ होतं, पण असं का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. युरोपात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते, वसंतात जागी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पीक येतं. आपल्याकडे तिला झोपायला लावेल एवढी थंडीच नाही. म्हणून एप्रिलच्या छाटणीने काडी तयार करून घ्यायची, पावसाळा निभवायचा आणि ऑक्टोबरला पुन्हा छाटून फळ धरायचं. त्यामुळे घड पावसात सापडत नाहीत, कोरड्या थंडीत पिकतात. वर्षाला छाटण्या दोन आणि पीक एक. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे, आणि निफाडची थंडी तर तुम्ही पेपरात वाचतच असाल. रात्री गार पडल्यामुळे द्राक्षात आंबटपणा टिकतो. आंबटपणा नसलेली वाईन गोडसर पाण्यासारखी लागते.

हे सगळं मोठ्या गटाच्या फेरीत कुणी सांगत नाही, कारण तिथे वीस माणसं असतात आणि पंधरा मिनिटांत टाक्या संपवायच्या असतात. खासगी गाइड म्हणजे माझ्या लेखी हेच: नानांसारख्या माणसाने वेलीजवळ उभं राहून प्रश्न विचारावा आणि कुणी घड्याळ बघू नये.

मग वायनरीत गेलो. तिथे सकाळचीच द्राक्षं यंत्रातून देठांपासून वेगळी होत होती, त्यामुळे आत्ताच बागेत पाहिलेला क्रेट आता कुठे चाललाय ते डोळ्यांना दिसलं. पांढऱ्या वाईनच्या स्टीलच्या टाक्या बाहेरून हाताला गार लागतात, कारण तो रस कमी तापमानात हळूहळू आंबवतात. गरम झाला तर फळांचा वास निघून जातो. लाल वाईनला थोडी ऊब चालते. ओकच्या लाकडाची पिंपं २२५ लिटरची.

तुमच्या आईबाबांबद्दल. नाना घेत नाहीत, आई तर नाहीच नाही. पण टेस्टिंगच्या टेबलावर गाइडने दोघांनाही ग्लास हुंगायला दिले. पिऊ नका, फक्त वास घ्या म्हणाला. सॉव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाईनचा ग्लास नाकाशी नेऊन आई लगेच म्हणाली, "ही तर ढोबळी मिरची." आणि ते अगदी बरोबर निघालं. त्या द्राक्षात आणि ढोबळी मिरचीत तोच एक गंधद्रव्यांचा गट असतो. शेनिनमध्ये तिला पेरू सापडला, शिराझमध्ये मिरपूड. स्वयंपाकघरात चाळीस वर्षं काढलेलं नाक आमच्या सगळ्यांपेक्षा तिखट होतं. तेव्हा आईबाबांना गाडीत किंवा बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नका. हुंगून सोडून दिलेला ग्लास कुणालाही खटकत नाही. तुम्ही स्वतःसुद्धा घोट तोंडात फिरवून थुंकीच्या भांड्यात टाकला तरी चालतं, जाणकार तसंच करतात.

आता बेताबद्दल. दोनच वायनरी ठरवा, आणि त्या एकाच बाजूच्या. सुला, यॉर्क आणि सोमा गंगापूर धरणाच्या अवतीभवती आहेत. व्हॅलोने आणि ग्रोव्हर झांपा इगतपुरी तालुक्यात संजेगावच्या बाजूला. शाँदों दिंडोरीकडे. ही तिन्ही टोकं एका दिवसात जोडायला गेलात तर निम्मा दिवस गाडीत जाईल. ठाण्याहून येताना इगतपुरीची बाजू आधी लागते, शांत आहे, मुकणे धरणाचं पाणी समोर दिसतं. मला स्वतःला ती बाजू जास्त आवडते. पण पहिल्यांदाच येत असाल तर गंगापूरची करा. नाशिकची वाईन देशभर पोचवणारी सुरुवात तिथे झाली. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, कुटुंबाच्या जमिनीवर त्यांनी वेली लावल्या आणि २००० साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली. यॉर्क हे नाव गुरनानी कुटुंबातल्या तीन भावंडांच्या आद्याक्षरांवरून पडलंय. २०२१ मध्ये सुलाने ती वायनरीच घेतली, पण ती आजही तुलनेने छोटी आणि निवांत वाटते. सकाळी बाग आणि यॉर्कसारखी एखादी लहान जागा, मग जेवण, मग सुला, असा क्रम मी ठेवेन. उलटा नको, कारण दुपारनंतर सुलाच्या गर्दीतून पाय निघत नाही.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. २६ जानेवारीला ड्राय डे असतो, त्या सुट्टीला जोडून येणारे लोक दरवर्षी फसतात. निवडणुका असतील तर त्याही तारखा बघून घ्या. ओळखपत्रं सगळ्यांची जवळ ठेवा. काही जण त्र्यंबकेश्वर आणि वाईन एकाच दिवसात बसवून देतो म्हणतात, ते ऐकू नका. दर्शनाच्या रांगेला किती वेळ लागेल हे कुणाच्याच हातात नसतं, आणि रांगेतून धावत बागेत यायचं म्हणजे दोन्हीकडे अर्धंमुर्धं. महाशिवरात्रीच्या आगेमागे तर मुळीच नको. आईबाबांना दर्शन हवं असेल तर आदल्या दिवशी येऊन मुक्काम करा.

मिसळीचं सांगायलाच हवं, कारण गंगापूर रोडला आलात की तुम्हाला ती दिसणारच. नाशिकची काळ्या रश्श्याची मिसळ मला जीव की प्राण आहे, पण टेस्टिंगच्या आधी खाऊ नका. तर्रीने जीभ भाजली की पुढचे दोन तास सगळ्या वाईन एकसारख्या लागतात. रिकाम्या पोटीही जाऊ नका. सकाळी उपमा, इडली, उकडलेली अंडी असं काहीतरी साधं खा आणि मिसळ परतीच्या वाटेवर किंवा दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

आपल्या गाडीने जाण्याबद्दल माझं मत ठाम आहे. ज्याने एक ग्लासही घेतलाय त्याने स्टीअरिंगला हात लावू नये. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि चार-पाच वाईन चाखल्यावर आपण कुठे आहोत हे आपल्याला कळत नाही. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमच्यासमोर परतीला कसारा घाट आहे. बाबा गाडी चालवत असतील तर प्रश्न मिटला, पण मग त्यांचा दिवस गाडी चालवण्यात जातो. त्यापेक्षा सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने नाशिक रोडला उतरा आणि गाइडला गाडीसकट स्टेशनवर बोलवा. फक्त मग तोडणी बघायला उशीर होतो, कारण गाडी पोचेपर्यंत साडेनऊ-दहा वाजतात. तोडणी बघायचीच असेल तर आदल्या रात्री नाशकात राहा. माझा आग्रह त्यालाच आहे.

गाइडशी बोलताना पैशांचं स्पष्ट करून घ्या: गाडी, गाइड, टेस्टिंग आणि जेवण यातलं काय धरलंय, काय नाही. न पिणाऱ्या दोघांचे टेस्टिंगचे पैसे लावू नका, असं आधीच सांगा. बागेत जायचंय हेही आधी बोला, कारण शेतकऱ्याची परवानगी घ्यावी लागते आणि फवारणी झालेली असेल तर त्या दिवशी आत जाता येत नाही. काळ्या मातीत चालायचंय, तेव्हा बूट घाला. बाटल्या विकत घेतल्यात तर गाडीच्या डिकीत टाकून दुपारभर उन्हात ठेवू नका, फेब्रुवारीअखेर तिथे चांगलंच तापतं. जुनी चादर ओली करून गुंडाळली तरी फरक पडतो, आम्ही तसंच केलं.

आणि नानांना बाग दाखवणाऱ्या त्या शेतकऱ्याने निघताना शिराझच्या दोन काड्या कागदात बांधून दिल्या. त्या आमच्या निफाडच्या घराच्या मागे, थॉमसनच्या जुन्या खांबाजवळ लावल्यात. एक जगली आहे.