बंद गल्लीतला प्लॉट घ्यावा की आरपार रस्त्यावरचा?

चिपळुणात नव्या एन.ए. (बिगरशेती) ले-आउटमध्ये बंद गल्लीच्या टोकाचा प्लॉट शांत म्हणून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी तरी घेणार नाही.

आमची कॉलनी सखल भागात. मागून जांभ्याच्या पायऱ्यांची जुनी पाखाडी डोंगराला चढायची. वरच्या वाडीतली माणसं तिथूनच बाजारात उतरायची, आमची पोरं तिथूनच शाळेत जायची. मग लागोपाठ दोन घरं फुटली आणि सभेत ठरलं, पाखाडीच्या तोंडाशी गडगा, म्हणजे चिऱ्यांची भिंत, घालायचा. पुढाकार आमच्याच दादाचा. "वाट बंद तर चोर बंद!" अरे, जिथे दिवसभर माणसांची ये-जा तिथे चोराला भीती, सामसूम गल्लीत त्याला कसली? पण माझं ऐकतो कोण. दुसऱ्या दिवसापासून पोरं रिक्षाने, दीड किलोमीटर वळसा घालून.

22 जुलै 2021. पहाटे वाशिष्ठीचं पाणी आलं ते आमच्या एकुलत्या रस्त्यानेच. अंगणात गुडघाभर, कॉलनीच्या तोंडाशी छातीभर. उरला गडगा. आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही दोघा भावांनी मागे नेली. चिरे शेवाळलेले, हात ठरेना. शेवटी पहारीने वरचे तीन थर पाडले तेव्हा आई पलीकडे गेली. पहार दादाच्याच हातात होती, म्हणून तेव्हा गप्प बसलो.

बंद गल्लीची ही टूम अमेरिकेतल्या ज्या रॅडबर्न वसाहतीमुळे गाजली, तिथे 1929 साली गाड्यांचे रस्ते टोकाला बंद ठेवले, पण माणसांसाठी वेगळ्या पायवाटा काढल्या, रस्त्याखालून बोगदासुद्धा. आपल्या बिल्डरांनी बंद टोक तेवढं उचललं.

तेव्हा नकाशा मागा. रस्ता हद्दीपर्यंत नेलाय की आधीच संपवलाय, ते बघा; हद्दीला भिडला असेल तर शेजारचा ले-आउट पुढेमागे जोडता येतो. चढाकडे निदान पायवाट हवी. पूररेषाही तपासा. आणि हो, आरपार म्हणजे हायवेचा शॉर्टकट नको, दुचाकीवाले जीव घेतील. जुनी वाट हक्काने 20 वर्षं वापरात असेल तर 1882 च्या ईझमेंट कायद्याने वहिवाटीचा हक्क सांगता येतो, पण परवानगीने वापरलेली चालत नाही. वकील गाठा.

आमच्याकडे आता गडग्याच्या जागी लोखंडी फाटक आहे. कुलूपबंद. किल्ली दादाकडे.