गाडीने, तंबूत मुक्काम करत, गर्दीपासून लांब डोंगरांत फिरायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

चारचाकी घेऊन, तंबूत राहत उंच डोंगरांत पंधरा-वीस दिवस फिरायचं आहे, पर्यटकांची गर्दी नको आहे, मग आधी जागा शोधाव्यात की सामान जमवावं, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, आधी दिवसांचा हिशोब करा.

निर्जन जागा कुठे दडलेल्या नसतात. गर्दी असते ती डांबरी रस्त्यावर, फोटोतल्या खिंडीत आणि सरोवराच्या काठावर, कारण आलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी परत फिरायचं असतं. तिथून बाजूला फुटलेली कच्ची वाट धरली की पंधरा-वीस किलोमीटरनंतर बहुधा मेंढपाळच भेटतात. ती वाट पुढे शाबूत आहे की नाही, हे खात्रीने कोणी सांगू शकत नाही, म्हणूनच मोजके दिवस घेऊन आलेला माणूस तिकडे वळत नाही. तुम्हाला वळायचं असेल तर वाया गेले तरी चालतील असे दिवस हाताशी हवेत. आम्ही दोघं पामीर महामार्गाने, म्हणजे एम-४१ ने, किर्गिझस्तानातल्या ओशहून ताजिकिस्तानातल्या दुशान्बेकडे गेलो, तेव्हा २२ दिवसांपैकी ६ दिवस मुद्दाम मोकळे ठेवले होते. त्यातले ५ लागले.

पहिले दोन दिवस गेले ते उंचीमुळे. गाडीचा सगळ्यात मोठा धोका हाच की ती तुम्हाला शरीराला झेपेल त्याहून लवकर वर नेते. ओश सुमारे १,००० मीटरवर, तर पुढचं सारी-ताश गाव ३,१०० च्या वर. गाडीने हे अंतर एका दिवसात आरामात होतं, आणि रात्री डोकं फुटायची वेळ येते. पुढे किझिल-आर्त खिंड ४,२८० मीटर, काराकुल सरोवर ३,९०० च्या आसपास आणि अक-बैताल खिंड ४,६५५. नियम सोपा आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढायची. दिवसा खिंड ओलांडली तरी चालतं, मुक्काम कुठे करता ते महत्त्वाचं. डोकेदुखीसोबत उलट्या, चालताना तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी खाली उतरा.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण आडवाटेला माणसं अडकतात ती बहुतेक ओढ्यात. हिमनदीतून येणारा ओढा दिवसभर सारखा नसतो. उन्हाने बर्फ वितळतं, ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात, त्यामुळे दुपारनंतर आणि संध्याकाळी ओढा भरतो आणि पहाटे सर्वांत कमी असतो. पामीरमधल्याच बार्तांग नदीच्या खोऱ्यात आम्ही दुपारी चारच्या सुमाराला अशाच एका ओढ्यापाशी पोचलो. पाणी राखाडी, गढूळ, तळ दिसत नव्हता, आणि आतून धोंडे एकमेकांवर आपटल्याचा घुमणारा आवाज येत होता. असा आवाज आला की पाण्यात पाय घालायचा नाही, गाडी तर नाहीच. मी पाण्याच्या कडेला एक चपटा दगड खूण म्हणून ठेवला. तासाभरात तो बुडाला. पहाटे पाचला उठून पाहिलं तर दगड कोरडा होता आणि पाणी त्याच्यापासून चार पावलं मागे सरकलं होतं. काठी घेऊन आधी चालत गेलो, पाणी गुडघ्याच्या खाली होतं, मग लो-रेंजमध्ये (फोर-बाय-फोर गाडीत कमी वेग, जास्त जोर देणारी गिअरची सोय) पहिला गिअर टाकून, मध्ये न थांबता गाडी काढली. जिथून पायी जाता येत नाही तिथून गाडी न्यायची नाही, हे आम्ही काटेकोर पाळतो. दोन दिवसांनी त्याच खोऱ्यात पुढे एक ओढा पहाटेसुद्धा मांडीपर्यंत होता. परत फिरलो. फार वाईट वाटलं, पण परतीपुरतं डिझेल आणि मोकळे दिवस दोन्ही होते म्हणूनच फिरता आलं. ओढ्यांना पाणी कमी हवं असेल तर तिथे सप्टेंबर जुलैपेक्षा बरा, फक्त रात्री कडाक्याच्या असतात.

नकाशातल्या वाटेवरही फार विसंबू नका. याच बार्तांग नदीच्या वरच्या अंगाला १९११ च्या भूकंपात आख्खा डोंगर कोसळला, नदी अडली आणि सारेझ सरोवर तयार झालं. तो बांध ५०० मीटरहून उंच आहे. अशा मुलखात दरवर्षी कुठे ना कुठे रस्ता वाहून जातो. समोरून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला थांबवून विचारायचं, हाच खरा नकाशा.

मुक्कामाची जागा उजेड असताना, दुपारी चारपर्यंत शोधा. अगदी खोऱ्याच्या तळाशी तंबू लावू नका. रात्री थंड, जड हवा उतरून तिथेच साचते. वीस-तीस मीटर वरच्या सपाटीवर तेवढाच तंबू जाणवण्याइतका ऊबदार राहतो. वर घसारा, म्हणजे सुट्या दगडांचा उतार असेल आणि पायथ्याशी ताजे, धारदार कडांचे दगड पडलेले असतील तर तिथून निघा, ते वरून आलेत. कोरडा ओढा ही सपाट जागा नव्हे. शौचाला पाण्यापासून किमान ६० मीटर लांब जा आणि वीतभर खड्डा करून बुजवा.

सामानाच्या याद्या सगळीकडे मिळतील, म्हणून न चुकवण्यासारखं तेवढंच सांगते. नुसत्या ब्युटेनचा गॅस शून्याच्या खाली नीट जळत नाही, प्रोपेन मिसळलेला घ्या आणि डबा रात्री पांघरुणात ठेवा. पोकळ धाग्यांचा पाण्याचा फिल्टरही पांघरुणातच, तो एकदा गोठला की आतून फाटतो आणि बाहेरून कळत नाही. ४,००० मीटरला पाणी ८७ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे कुकर न्या. ऊब हवी म्हणून तंबूत किंवा बंद गाडीत स्टोव्ह कधीच पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दोन स्टेपन्या, कॉम्प्रेसर, आणि ठरलेल्या अंतराच्या दीडपट पुरेल इतकं इंधन. उताराला तोच गिअर जो चढाला लागला असता, ब्रेक तापवत उतरू नका. उपग्रह फोन उपयोगी खरा, पण भारतात तो परवानगीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा विमानतळावर नेण्याआधी चौकशी करा. पामीरसाठी गोर्नो-बदख्शानचा, म्हणजे ताजिकिस्तानातल्या त्या प्रांताचा, वेगळा परवानाही लागतो. सीमेचे नियम बदलत असतात, निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

आणि कुरण रिकामं दिसलं तरी ते कोणाचं तरी असतं. पामीरमधल्या मुर्गाब गावाच्या पुढे एका बाजूच्या खोऱ्यात आम्ही झऱ्याजवळ छान हिरवळ बघून तंबू लावला होता. लांबच्या राहुटीतून एक आजी चालत आल्या. भाषा कळेना. त्यांनी माझं मनगट धरलं, मला शंभरएक पावलं वर नेलं आणि टाचेने जमिनीवर रेघ ओढून दाखवली, की तंबू इथे. आम्ही मुकाट्याने सगळं उचलून वर नेलं. पहाटे उजाडायच्या आधी घंटांचा आवाज आला म्हणून चेन उघडून पाहिलं, तर चाळीस-पन्नास याक झऱ्यावर पाणी प्यायला उतरत होते, आमचा तंबू आधी जिथे होता अगदी तिथूनच.